होडी जगते पाण्यात, मरते अंगणात

1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मासळीला पैदाशीसाठी उसंत मिळावी हा कायद्याचा हेतू. होडीलाही तेवढीच उसंत मिळते, हा वरचा फायदा. हर्णै, मालवण, वर्सोवा, कुठेही जा, होड्या ओढून वर घेतलेल्या दिसतात. लहान होडी तर थेट घरापाशी, माडाखाली येते. वर चुडतांची झापं चढतात आणि नाखवा मिस्त्रीला निरोप धाडतो.

ही झाली दरवर्षीची डागडुजी. पण वाडीच्या टोकाला एखादी होडी अशीही असते, जिला आठ-दहा पावसाळे कोणी हातच लावलेला नाही. आजोबांची, नाहीतर काकांची. नातू मुंबईहून सुट्टीला येतो, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो आणि म्हणतो, हिला पुन्हा पाण्यात घालूया. (अशा होडीत माती भरून झेंडू लावणारे होमस्टेवालेही आता झाले आहेत. त्यांच्यासाठी हा लेख नाही.)

त्या नातवाने हत्याराला हात घालण्याआधी एक उलटी वाटणारी गोष्ट समजून घ्यायला हवी. लाकूड कुजतं ते गोड्या पाण्याने. कुजणं हे बुरशीचं काम, आणि बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचं काही चालत नाही. लाकूड सतत पाण्याखाली असेल तर तिला हवा मिळत नाही. आणि मीठ तिला मानवत नाही. म्हणून रोज समुद्रात जाणाऱ्या होडीचा तळ टिकतो आणि आधी जातात काठाच्या फळ्या आणि डेकखालचे कोपरे, जिथे पावसाचं पाणी साचतं आणि वारा पोचत नाही. शिडाच्या जमान्यात कित्येक जहाजांत सांगाड्याच्या कमानींमधल्या पोकळ्या खडेमिठाने भरून ठेवत, ते याचसाठी. अंगणात आलेल्या होडीचा खाऱ्या पाण्याशी संबंध तुटतो. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने ऊन. किती जुन्या होड्या समुद्राने गिळल्या आणि किती घराशेजारी उभ्या-उभ्या गेल्या, याचा हिशेब कोणी मांडला तर दुसरा आकडा मोठा निघेल, अशी माझी खात्री आहे.

तेव्हा पहिलं काम छपराचं. निळी ताडपत्री होडीला घट्ट लपेटून बांधणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही आणि बुरशीला आयतं घर मिळतं. छप्पर उंच हवं, बाजू मोकळ्या हव्यात. झापांच्या मांडवात जुन्या लोकांनी हेच साधलं होतं.

मग तपासणी. रंगावर विश्वास ठेवू नये. होडीचा सगळ्यात खोटारडा भाग तोच. जाणता मिस्त्री हातोडीने फळीवर वीतभर अंतराने ठोके देत पुढे सरकतो. निरोगी सागावर हातोडी उसळते आणि आवाज टणक येतो. कुजक्या जागी ती जागच्या जागी बसते आणि ‘भद्द’ वाजतं. तिथे खडूची फुली. एक फेरी झाली की तो अरी घेऊन परत पहिल्या फुलीपाशी येतो, टोक खुपसतो आणि उचकटतो. चांगल्या लाकडाची लांब ढलपी सुटते. मेलेल्या लाकडाचा तुकडा आडवा, कटकन तुटतो, कारण त्याचे धागेच उरलेले नसतात. पंधरा-वीस फुल्या पाहून मालकाचा चेहरा पडतो, तेव्हा मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं. “फुल्या कसल्या मोजता, नाखवा? कमानी मोजा. फळी काय, आज काढली, उद्या घातली.”

त्याचं म्हणणं खरं आहे. होडीचा आकार धरून ठेवतात कणा, नाळ आणि आतल्या कमानी. अनेक वर्षं चुकीच्या टेकूवर बसलेली होडी मध्ये उचललेली आणि दोन्ही टोकांना खाली झुकलेली सापडते. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली की हे वाक लगेच दिसतं. ते काढताना घाई केली तर कणा फुटतो. टोकांखाली पाचरी ठेवून दर दोन-चार दिवसांनी त्या थोड्या-थोड्या आत ठोकायच्या आणि लाकडाला सरकायला वेळ द्यायचा. वाक निघेपर्यंत एकही फळी काढायची नाही. घरी काम करणाऱ्यांचा उत्साह नेमका इथेच नडतो. एका रविवारी चार मित्र जमतात, सगळं कुजकं लाकूड उपटून ढीग घालतात, फोटो काढतात, आणि सोमवारी त्यांच्याकडे होडी नसते, सरपण असतं. एक कमान काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची, मग एक सोडून पुढची. फळ्यांचंही तसंच. जुना तुकडा कितीही कुजका असला तरी तोच नव्याचा साचा असतो, म्हणून काम पुरं होईपर्यंत तो टाकायचा नाही.

लाकडाबद्दल लोक सरसकट ‘साग’ म्हणून मोकळे होतात. फळ्यांना साग उत्तमच. त्यातलं नैसर्गिक तेल पाणी आणि कीड दोन्ही दूर ठेवतं. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, एवढं एक उदाहरण पुरे. पण कमानींना साग लागतोच असं नाही. तिथे मूळचं वाकडं लाकूड लागतं. सरळ फळीतून वाकडी कमान कापली तर तिचे धागे मध्येच तुटतात आणि पहिल्या मोठ्या लाटेला ती तिथेच चिरते. फांदी ज्या वळणाने वाढली त्या वळणात धागे सलग असतात. म्हणून गुजरातपासून कोकणापर्यंत होडीचे सुतार बाभळीची वाकडी खोडं शोधत हिंडतात. सरळ वाढलेल्या झाडाकडे ते ढुंकून बघत नाहीत. आणि परसातला साग आपलाच आहे म्हणून करवत घेऊन धावू नये; 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे खासगी जमिनीतल्या सागालाही आधी परवानगी लागते.

फळी वाकवायची ती वाफेवर. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ, असा हिशेब जगभरचे होडीवाले धरतात. वाफेतून काढली की मिनिटा-दोन मिनिटांत ती कमानीवर दाबून आवळायची. तेवढ्यात जमलं नाही तर पुन्हा वाफ. पूर्ण लांबीची फळी मिळाली नाही तर दोन तुकडे तिरकस कापून जोडतात, आणि तो तिरका काप फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांब ठेवतात. यासाठी गिरमिट, पटाशी, वाकस आणि धीर लागतो. पहिल्या तीन गोष्टी भाड्याने मिळतात.

खिळ्यांचा विषय मात्र नुसत्या हत्यारांचा नाही. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवून पाहिला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यावर तो उपाय होता आणि किड्यापुरता तो लागूही पडला. दोन वर्षांनी तळ तपासला तेव्हा ज्या लोखंडी खिळ्यांना तांबं टेकलं होतं ते झिजून गेले होते. जिथे पत्र्यावरचा वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो. पुढे 1824 च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने हीच गोष्ट उलटी वापरली: तांबं वाचवायला त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडायचा आणि तो झिजू द्यायचा. आज इंजिनाच्या होडीला पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा लावतात, तो याच कल्पनेतून. घरच्या दुरुस्तीसाठी धडा साधा आहे. जुने खिळे लोखंडी असतील तर नवे जस्त चढवलेले लोखंडीच घ्या. ‘चांगलं म्हणून’ चार पितळी स्क्रू आणि दोन तांब्याच्या चुका मध्येच ठोकू नका. गंजलेल्या खिळ्याभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ झालेलं असतं. तिथे त्याच भोकात जाड खिळा ठोकणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. भोक मोठं करून लाकडी गुल्ली बसवा आणि नवा खिळा शेजारी द्या.

आता सांधे. सुरतेच्या जुन्या जहाजबांधणीत फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकतील अशा खाचा पाडून तासत आणि मध्ये राळ-तेलात भिजवलेला कापूस घालत. कडा नेमकी कुठे टेकते हे पाहण्यासाठी एका फळीला लाल रंग फासून ती दुसरीवर बसवायची आणि जिथे रंग उमटेल तिथे तासायचं. दाताचा डॉक्टर कवळी बसवताना निळा कागद चावायला देतो, अगदी तसंच. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले ते याच परंपरेत तयार झालेले कारागीर होते. आपल्या लहान होडीत एवढं नसतं. तिथे कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, तिच्यात कापसाची वात ठोकून वर राळेचं लुकण भरतात, आणि साऱ्या अंगाला मुशीच्या यकृताचं तेल. वासाने आठवडाभर जेवण जात नाही, पण अजून त्याच्या तोडीचं दुसरं काही किनाऱ्यावर स्वस्तात मिळत नाही.

कापूस किती घट्ट ठोकायचा, यातच सारी मेख आहे. अंगणात सुकलेल्या होडीच्या फटीत करंगळी जाते. ती पाहून माणूस घाबरतो आणि कापूस कोंबत सुटतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, कोंबलेला कापूस दबत नाही, आणि मग जागा करण्यासाठी फळी खिळ्यांसकट कमानीवरून उचलली जाते. म्हणून सांधे भरण्याआधी काही दिवस ओली पोती टाकून, त्यांवर समुद्राचं पाणी शिंपडून लाकूड थोडं फुगवून घ्यावं.

एक शत्रू मात्र खाऱ्या पाण्यातच राहतो: टेरेडो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिल्लू असताना आत शिरतो आणि आतल्या आत वाढत फूटभर लांब होतो. तोंडाकडच्या दोन छोट्या शिंपल्यांनी लाकूड किसतो आणि मागे चुन्याचं अस्तर देत जातो. बाहेरून फळी गुळगुळीत, आतून चाळण. थेम्स नदीखालचा बोगदा खणणाऱ्या मार्क ब्रुनेलला आपल्या यंत्राची कल्पना या प्राण्यावरून सुचली, असं सांगतात. वर्षानुवर्षं अंगणात पडलेल्या होडीत तो जिवंत नसतो, त्याची बिळं मात्र असतात. म्हणून संशय येईल तिथे गिरमिटाने एक भोक पाडून भुसा बघावा. पांढरी चुन्याची पूड आली की ती फळी बाद.

इथवर येईपर्यंत कोणीतरी हमखास सुचवतं, “कशाला एवढा उपद्व्याप? वरून फायबर मारून टाका.” कोकणात हे सर्रास होतं आणि पहिली दोन वर्षं झकास दिसतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांना फायबरचं आवरण देऊन पाहिलं आहे. पण ते लाकूड नवं होतं आणि आधी कीडनाशक प्रक्रिया केलेलं. जुनं, मिठाने आणि तेलाने भरलेलं, आतून ओलं लाकूड ही वेगळी गोष्ट. सागाच्या तेलकट अंगाला रेझिन नीट धरत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, कवच तसं करत नाही. सांध्यात बारीक चीर पडते, पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. नवीन होडी पूर्ण फायबरची घ्यायला माझी हरकत नाही, ती हलकी आणि टिकाऊ असते. पण जुन्या लाकडाला फायबर म्हणजे कफन.

नोंदणीचे कागद, परवाना, इंजिन याबद्दल मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात एक चक्कर मारली की कळतं. मात्र ती चक्कर खर्च करण्याआधी मारावी, नंतर नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात घातली की ती गळणार. गळायलाच हवी. पहिल्या काही तासांत आत घोटाभर पाणी येतं आणि बघ्यांपैकी एखादा मान हलवतो. तिला उथळ पाण्यात, भरतीला तरंगेल अशी बांधून ठेवावी, पंप हाताशी ठेवावा आणि फळ्यांना फुगायला दोन-तीन दिवस द्यावेत. धार हळूहळू झिरप होते, झिरप थांबते. तिसऱ्या दिवशीही एखाद्या ठिकाणी पाणी येतच असेल तर आतून खडूने खूण करावी आणि ओहोटीला होडी वाळूवर बसली की फक्त तेवढाच सांधा उकरून पुन्हा भरावा. पावसाचं पाणी तळाशी साचलं तर रोजच्या रोज उपसून वर दोन बादल्या समुद्राचं पाणी मारावं.