वेताळ, वीस बाजूंचा फासा आणि हळर्णचा किल्ला

मध्ये एक नकाशा, हातात पेन्सिली, चार फासे आणि एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. 'समोर दरवाजा बंद आहे, काय करतोस?' असं विचारलं की उत्तर द्यायचं आणि फासा टाकायचा. जमलं की नाही, ते आकडा ठरवणार. हा झाला रोल-प्लेइंग गेम. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि अमेरिकेतून हे वेड जगभर पसरलं. गोव्यातल्या पेडण्याकडे ते समजावून सांगायला वेळ लागणार नाही. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद कुणी लिहून देत नाही. राजाने ललकारलं की राक्षसाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं.

या खेळाला कॉमिक्सनी भरभरून दिलं. निन्जा टर्टल्स टीव्हीवर आले १९८७ साली, पण त्यांचा टेबलावरचा खेळ १९८५ सालीच निघाला होता! १९८४च्या 'मार्व्हल सुपर हीरोज' या खेळात चांगल्या कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांना चक्क 'कर्म' म्हणतात. नायकाने कुणाचा जीव घेतला, की साठवलेलं सगळं कर्म शून्य. मला हा नियम फार आवडतो. मुलांच्या हाती काल्पनिक तलवार देताना असा एक नियम हवाच.

आता आपला वेताळ

ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं ते त्यालाच घेऊन, आणि मराठी मुलांचा तो 'वेताळ' झाला. भारतीय आवृत्तीत त्याचं जंगल डेंकालीत गेलं आणि त्याचे हाडवैरी सिंग चाचे 'सिंगा' झाले. १९७६ साली त्याच मालिकेत आबिद सुरतींचा 'बहादूर' आला. चंबळच्या डाकूंना टक्कर देणारा हा देशी नायक. अंक १९९० साली बंद पडले.

वेताळाच्या गोष्टीत खेळाचे नियम जणू आधीच लिहून ठेवलेत. दोन हातांत दोन अंगठ्या: एकीचा कवटीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कायमचा उमटतो, दुसरीची खूण ज्याला मिळाली त्याला अभय. कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या रोजनिशा आहेत, म्हणजे अडलेल्या खेळाडूला सुगावा द्यायची सोय झाली. आणि सगळ्यात भारी म्हणजे वेताळ मरतो, पण लोकांना ते कळत नाही. मुलगा बापाचा मुखवटा चढवतो. १५३६ पासून असे एकवीस वेताळ झाले. खेळात पात्र मेलं म्हणून कुणी रुसून उठायला नको, पुढच्या पिढीचा कागद घ्यायचा आणि खेळायला बसायचं.

गोव्यात तर खरा वेताळ देव आहे. डिचोली तालुक्यातल्या आमोण्याचं त्याचं देऊळ प्रसिद्ध. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या नव्या वाहाणा वाहतात. कुठल्याही कॉमिकमध्ये इतका सुंदर तपशील मी वाचलेला नाही. मात्र देवाला सोंगटी करू नये. खेळात त्याची राखण असू द्यावी, त्याचं पात्र कुणी घेऊ नये.

नकाशा तयार आहे

शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला म्हणजे जांभ्या दगडाचा तट, बुरूज आणि नदीची वाट. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. मे १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि या पराक्रमाबद्दल त्याला 'मार्किस ऑफ अलोर्ना' ही पदवी मिळाली. त्याची नात लिओनोर लहानपणीच लिस्बनजवळच्या मठात डांबली गेली, कोवळी वर्षं तिथेच काढली, आणि पुढे 'मार्केझा द अलोर्ना' म्हणून मोठी कवयित्री झाली. पेडण्यातल्या एका गावाचं नाव पोर्तुगीज साहित्याच्या इतिहासात असं जाऊन बसलंय!

तेव्हा खेळ १७४६ च्या उन्हाळ्यात सुरू करावा. चारशे वर्षांत एकवीस पिढ्या, हा हिशेब धरला तर तेव्हा अकरावा-बारावा वेताळ असेल. एकाने भोसल्यांचा किल्लेदार व्हावं, एकाने होडीवाला, एकीने बाजारातून बातम्या आणणारी मासळीवाली. नदीच्या मुखाकडून तोफा येत असल्याची कुणकुण आहे. गावातली माणसं रातोरात पलीकडे पोचवायची आहेत. होडी एकच, भरती उतरायला लागलेली. लढाई जिंकायची अट ठेवू नका, माणसं किती वाचली यावर गुण द्या.

वीस बाजूंचा फासा पेडण्याच्या बाजारात मिळाला नाही तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. उचललेली चिठ्ठी दर वेळी परत आत टाकायची, एवढं लक्षात ठेवा.