धोका शरीराच्या ओळखीत नाही

अंगारकी चतुर्थीला जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते. अशा गर्दीत तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घ्यायला अनेक जण वाकतात, पण त्यांच्या हातचं पाणी प्यायची वेळ आली की मागं सरतात. मनात एकच असतं : ‘यांना एड्स असतो, आपल्याला लागेल.’

एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, डास चावल्यानं लागत नाही. निरोधशिवायचा संभोग, दूषित सुई, बाधित रक्त आणि बाधित आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग.

‘सगळ्यांनाच असतो’ हेही खोटं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१च्या पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.७८ टक्के आढळलं. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांना लागण नव्हती. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये मात्र ते सुमारे ०.२ टक्के आहे. हा फरक मोठा आहे आणि तो झाकून कुणाचंच भलं होणार नाही. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, त्यामुळे निरोध नसेल तर तिथून विषाणू लवकर शिरतो. हे कोणत्याही स्त्री-पुरुषाला तितकंच लागू आहे. त्यात घरातून हाकललं, काम कुणी देईना, म्हणून पोटासाठी देहविक्रय करावा लागला, तर निरोधचा आग्रह धरायची ताकद किती उरणार? आणि दवाखान्यात केसपेपर काढतानाच लोक हसायला लागले, तर आजार अंगावर काढला जातो.

आपलेपणानं विचारणारं कुणी असलं की माणसं तपासणीला येतात. २०२१मध्ये हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथं ‘मित्र’ दवाखाने सुरू झाले. तिथले बरेच कर्मचारी तृतीयपंथी समाजातलेच होते. संप्रेरकांचा सल्ला, मानसिक आधार, एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी, सगळं एकाच जागी मिळे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि तिच्यावर चालणारे हे दवाखाने बंद पडले. आपल्या माणसांच्या आरोग्याचा खर्च आपणच उचलायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तृतीयपंथी समाजाच्या आतही काही चुकीच्या समजुती आहेत. ‘निर्वाण झालं, आता भीती नाही’ ही त्यातली एक. निर्वाणानंतर, म्हणजे लिंगच्छेदानंतर, किंवा शस्त्रक्रियेनं योनी तयार केल्यावरही लागण होऊ शकते, निरोध लागतोच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्सचा निरोध फाटतो, म्हणून पाण्यावर आधारित जेलच वापरावं. ‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ हेही धोक्याचं. सिफिलिसचा फोड आपोआप बरा होतो, रोग मात्र आत वाढत राहतो. खरं तर सुरुवातीलाच कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं तो पूर्ण बरा होतो. घशातला किंवा गुदद्वारातला परमा तर बऱ्याचदा जाणवतही नाही.

ट्रान्स पुरुषांचा, म्हणजे जन्मावेळी मुलगी मानल्या गेलेल्या पुरुषांचा, विचार फारसा कुणी करत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकानं पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. गर्भाशयमुख असेल, तर तिथल्या कर्करोगाची तपासणीही हवी.

एचआयव्हीचं निदान म्हणजे आयुष्य संपलं, असं आता राहिलेलं नाही. २००४पासून सरकार औषधं मोफत देतं. संप्रेरकं चालू असली तरी ही औषधं घेता येतात, फक्त डॉक्टरांना दोन्ही सांगावं. औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही.

निरोध फाटला किंवा बळजबरी झाली तर उशीर करू नये. ७२ तासांच्या आत सुरू केलेली आणि २८ दिवस घेतलेली औषधं संसर्ग टाळू शकतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. राजूरकरांनी अशा वेळी थेट जालन्याचं जिल्हा रुग्णालय गाठावं. काय करावं हे विचारायला १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करणं किंवा तिचा निकाल इतरांना सांगणं याला २०१७च्या कायद्यानं मनाई आहे, आणि केवळ बाधित आहे म्हणून उपचार नाकारण्यालाही.