उपग्रहाचा संदेश न मिळाल्यास वाट कशी कळते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा दिवसांत रुग्णास घेऊन निघालेल्या वाहनाने आपले ठिकाण अचूक जाणणे, हा प्राणांचा प्रश्न ठरतो.

मोबाइलला स्थान सांगणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. किमान ४ उपग्रहांचे संदेश मिळाले, तरच स्थान नेमके ठरते. दाट झाडीत हे संदेश क्षीण होतात. बल्लारपूरच्या भूमिगत कोळसा खाणींत तर ते पोहोचतच नाहीत.

तेथे जडत्वाच्या तत्त्वावरील साधने उपयोगी पडतात. वाहनाचा वेग किती बदलला व ते किती वळले, हे मोजून ती निघाल्या ठिकाणापासूनचा हिशेब ठेवतात. त्यांची उणीव एकच. चूक साचत जाते. वेगाच्या हिशेबात दर सेकंदास केवळ १ सेंटिमीटर प्रतिसेकंद एवढी भर चुकून पडत राहिली, तर १ मिनिटात स्थान १८ मीटरने व १० मिनिटांत १,८०० मीटरने चुकते. वेळ दहापट, तर चूक शंभरपट!

यावर उपाय सहकार्याचा. ताफ्यातील वाहने रेडिओ लहरींनी परस्परांतील अंतर मोजतात. हिशेबाने ५०० मीटर येणारे अंतर प्रत्यक्षात ४६० मीटर भरले, तर चूक उघड होते. मग ज्याचे साधन अधिक विश्वसनीय, त्याच्या हिशेबास अधिक महत्त्व देऊन दोघांचेही स्थान सुधारले जाते. मात्र सर्वच वाहने एकाच दिशेस सारखीच चुकली, तर परस्परांतील अंतरे बरोबर येतात आणि चूक लपून राहते. म्हणून निदान एका वाहनाने पूल, मैलाचा दगड किंवा खाणीतील मोजणीची खूण अशा ज्ञात ठिकाणाशी आपला हिशेब ताडून पाहावाच लागतो.

ही दक्षता जुनीच आहे. शेजारच्या हिंगणघाट येथे जानेवारी १८२३ मध्ये निधन पावलेले विल्यम लॅम्बटन यांनी भारताची त्रिकोणमितीय मोजणी करताना त्रिकोणास त्रिकोण जोडत नेले. परंतु ठरावीक टप्प्यांवर जमिनीवर नवी आधाररेषा मोजून साऱ्या गणिताची पडताळणीही केली.

आमच्या माजी विद्यार्थ्यांस व पालकांस एवढेच सुचवावेसे वाटते. आडवाटेस निघण्यापूर्वी नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, शक्यतो दोन वाहनांनी सोबत जावे आणि ओळखीचे ठिकाण लागताच थांबून एकमेकांचा अंदाज पडताळावा.