जुनी गाडी वळणावर का डुलते?

म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला; पण तसल्या जुन्या गाडीवर माल बांधून दौंडहून पाटस-कुरकुंभकडे जाणारे बांधव आजही आहेत. उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना गाडी डुलली, की काहीजण रुंद टायर बसवतात. आमच्या मते दोष बहुधा सांध्यांत असतो.

मेन स्टँडवर पुढचे चाक उचला, फोर्कचे पाय धरून पुढे-मागे हलवा. खटखट झाली तर कोनसेट ढिला; हँडल मध्यावर अडखळले तर सेट बदला. मागचे चाक आडवे हलले तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश झिजले. चेन अ‍ॅडजस्टरच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. ओझे खाली, समतोल बांधा.

बुशचे पैसे वाचवून घरचा कर्ता आपण धोक्यात घालू नये.