नकाशातले उन्हाळ्याचे पाणी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर ओढे बहुतेक काळ्या शाईत असतात. निळा रंग फार थोड्या ठिकाणी दिसतो. शाळेत प्रत्येक नदी निळी रंगवलेल्या माणसाला हे खटकते, पण त्यामागचा नियम साधा आहे. पात्रात बारमाही पाणी असेल तर ते निळे, पावसाळ्यानंतर आटत असेल तर काळे. मोजणीही पावसाळ्यात होत नसे. दिवाळीच्या सुमारास मोजणीदारांचे तंबू पडत आणि मृगाच्या आधी उठत. त्यामुळे नकाशावरची निळी शाई म्हणजे आषाढातला लोंढा नव्हे, ते वैशाखापर्यंत टिकलेले पाणी. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत दरवर्षी उन्हाळ्यात टँकर फिरतात. तिथे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुठल्या ओढ्याच्या कुठल्या वळणावर मे महिन्यात पाणी होते, हे सांगणारा कागद अस्तित्वात आहे, आणि तो आपण फारसा उघडतही नाही.

शहापूरहून डोळखांबकडे निघाले की वाटेत शेणवा लागते. जुन्या क्रमवारीत हा भाग ४७ ई/७ या शीटमध्ये येतो. क्रमांक अवघड वाटतो, पण त्याची रचना सरळ आहे. देशाचे चार-चार अंशांचे मोठे चौकोन पाडले, त्यांतला एक ४७. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, त्यांतला एक ई. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांतला सातवा. १९ अंश १५ मिनिटांपासून १९ अंश ३० मिनिटांपर्यंतचे अक्षांश, आणि ७३ अंश १५ मिनिटांपासून ७३ अंश ३० मिनिटांपर्यंतचे रेखांश. एका मैलाला एक इंच या जुन्या प्रमाणात हा सगळा मुलूख साधारण सतरा इंच उंच आणि सोळा इंच रुंद कागदावर मावतो. जमिनीवर ते सव्वासातशे चौरस किलोमीटर भरतात. भातसाचे वरचे खोरे उत्तरेच्या सहा क्रमांकाच्या शीटमध्ये आहे आणि नाणेघाट पूर्वेच्या अकरा क्रमांकात. मुरबाड तालुका तर अनेक शीट जोडल्याशिवाय पुरा दिसतच नाही.

हे नकाशे झाले ते पायांनी. मोजणीदार तिवईवर प्लेन टेबल लावून उभा राही, दूरच्या दोन-तीन ओळखीच्या शिखरांवर नजर धरून कागदावर आपली जागा पक्की करी, आणि मग समोरचा ओढा, वाट, विहीर तिथेच पेन्सिलीने उतरवी. माहुलीसारखा सुळक्यांचा डोंगर क्षितिजावर असला की दिशा धरायला सोपे जात असे. सोबत खलाशी आणि गावातला वाटाड्या. नकाशावरची नावे अशा वाटाड्यांच्या तोंडची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून काढलेल्या छायाचित्रांचा वापर वाढत गेला, तरी नावे, विहिरी आणि झरे यांसाठी जमिनीवर उतरावेच लागे. विमानाला झाडाखालची विहीर दिसत नाही.

आता एखादा ओढा बोटभर अंतरावरून पाहू. डोंगराच्या कुशीतून निघणारी बारीक काळी रेघ तपकिरी समोच्चरेषांना छेदत खाली येते. जिथे ती रेषेला छेदते, तिथे समोच्चरेषा वरच्या बाजूला टोक काढून वळते. या टोकांवरून घळ किती खोल आहे ते कळते. खाली उताराला सपाटी येते, रेषा विरळ होतात, पिवळा रंग सुरू होतो. पिवळा म्हणजे पिकाखालची जमीन, आपल्याकडे बहुतेक भाताची खाचरे. आणि याच सांध्यावर काळ्या रेघेच्या पोटात कधी कधी निळा ठिपका दिसतो. पात्र कोरडे, पण डोह भरलेला. बेसाल्टच्या मुलखात हे ठरावीक जागीच घडते. वरच्या सच्छिद्र, भेगाळ थरातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट कातळावर अडते आणि जिथे तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येते. म्हणून पाझराच्या जागा एकाच उंचीवर ओळीने सापडण्याचा संभव असतो. निळ्या खुणांची उंची समोच्चरेषांवरून वाचत गेले तर भूजल शोधणाऱ्याला कुठल्याही यंत्राआधी एक चांगला धागा हाती लागतो.

समोच्चरेषांचा याहून थेट उपयोग भातसा धरणाच्या जलाशयासाठी होतो. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या नकाशांत तानसा तलाव आहे, कारण तो १८९२ चा. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, त्यामुळे तो दिसेल की नाही हे मोजणीच्या सालावर ठरते. भातसा मात्र नाहीच. भातसा आणि चोरणा तिथे अजून नद्या आहेत. पावसाळ्यात वर्तमानपत्रे मुंबईच्या सात तलावांच्या पातळीचा तक्ता छापतात, त्यात भातसापुढे पूर्ण भरल्याची पातळी १४२.०७ मीटर अशी असते. फुटांत ती ४६६ होते. जुन्या इंची नकाशावर समोच्चरेषा साधारण पन्नास फुटांच्या अंतराने असतात. ४५० ची रेषा शोधायची, तिच्या आणि ५०० च्या मध्ये, ४५० च्या जरा वर, पारदर्शक कागदावर पेन्सिल फिरवायची आणि प्रत्येक घळीत आत शिरून बाहेर यायचे. रेष पुरी झाली की आजच्या जलाशयाचा काठ जुन्या कागदावर उमटतो. त्या काठाच्या आत जे काही छापलेले आहे, म्हणजे पिवळी खाचरे, घरांचे ठिपके, बैलगाडीचे दुहेरी तुटक रस्ते, देवळाची खूण, ते सगळे पाण्याखाली गेलेले आहे. हे काम शाळकरी मुलाला एका दुपारी जमते. भातसा मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग पुरवते. त्या निम्म्या पाण्याखाली काय होते, हे मुंबईतल्या शाळांनीही एकदा असे काढून पाहायला हवे.

या रेषांवरून पाण्याची खोलीही कळते. धरणाची उंची ८८ मीटरच्या वर आहे. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे भिंतीजवळ तळाच्या खडकावर आठेक वातावरणांचा जादा दाब आला. १९८३ मध्ये जलाशय भरत असताना या परिसरात भूकंपांची मालिका सुरू झाली आणि १५ सप्टेंबरला पाच रिश्टरच्या जरासा खालचा धक्का बसला. भूगर्भतज्ज्ञांनी त्याचा संबंध जलाशयाशी जोडला. पाणी खडकाच्या भेगांत शिरते, भेगांतला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेले खडक सरकायला निमित्त मिळते. कोयनेनंतर महाराष्ट्रात अभ्यासले गेलेले हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

इतके उपयोगी नकाशे गावात का नाहीत? किनाऱ्यापासून साधारण ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातली शीट दशकानुदशके ‘प्रतिबंधित’ होती. शहापूर त्या पट्ट्यात येते. ज्यांच्या विहिरी त्या नकाशात होत्या त्यांना तो मिळत नव्हता. त्याच काळात अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या आधारे भारताची अडीच लाखांस एक प्रमाणाची मालिका छापली. यू ५०२ हा तिचा क्रमांक. ती आज टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवता येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आणली, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंधने बरीच सैल केली. पण खुली झाली ती नवी मालिका. जुनी इंची शीट अजून भूगोल विभागांच्या कपाटांत आणि ग्रंथालयांत शोधावी लागतात. ती स्कॅन करून तालुक्यापर्यंत पोहोचवणे ही विद्यापीठांची जबाबदारी आहे असे मी मानतो. अमेरिकी मालिकेवर भागत नाही, कारण तीत एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. नद्या, घाट, रेल्वे कळते, पण डोह आणि विहिरी कळत नाहीत.

जुना नकाशा हाती आला की आधी समास वाचावा. छापल्याचे साल आणि मोजणीचे साल यांत कधी कधी वीस-तीस वर्षांचे अंतर असते. १९५० च्या दशकातल्या आवृत्तीत रस्ते ताजे केलेले असतात, पण जंगलाची सीमा जुन्याच मोजणीची राहते. असा नकाशा दाखवून ‘पन्नास साली इथे जंगल होते’ म्हटले तर ते विधान टिकणार नाही.

दुसरी अडचण जागेची. जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आधारबिंदूवर बेतलेले आहेत. मोबाईलमधला जीपीएस वेगळ्या गोलाभावर चालतो. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यात जसेच्या तसे घातले तर शहापूर परिसरात शंभर मीटरच्या पुढे फरक पडतो. कागदावर ते जेमतेम दोन मिलिमीटर आहेत, पण करवंदीच्या जाळीत झरा शोधणाऱ्याला तेवढे पुरे होतात. क्यूजीआयएससारख्या मोफत संगणक प्रणालीत शीटचे चार कोपरे बसवताना जुना आधारबिंदू निवडला की फरक निघून जातो. मग त्याखाली उपग्रह चित्र ठेवून जुने आणि नवे एकावर एक पाहता येते. नाशिककडे जाणारी रेल्वे दोन्हींत जुळते, कारण आसनगाव ते कसारा मार्ग १८६१ पासून आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ५ जून २०२५ ला सुरू झालेला टप्पा मात्र जुन्या वाटांना आडवा छेद देत जातो.

त्या वाटा हे या नकाशांचे दुसरे धन. गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पायवाट यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाटात चढणारी वाट सातवाहनांच्या काळापासून कल्याण बंदर आणि जुन्नर जोडते. तिथल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. नाणेघाट सर्वांना ठाऊक आहे, पण सह्याद्रीच्या या भिंतीत त्याच्या दोन्ही बाजूंना अनेक लहान नाळा आहेत. बाजारहाट, सोयरीक आणि देवदर्शन यांसाठी घाटमाथा आणि कोकण तिथूनच जोडलेले होते. मोटाररस्ता झाला, एसटी आली, आणि नाळा मोडल्या.

नकाशात जे नाही तेही पाहायला हवे. गावठाण ठसठशीत असते, पाडे मात्र विरळ ठिपके. कातकऱ्यांची, ठाकरांची वस्ती हंगामाप्रमाणे हलत असे, तिला तात्पुरत्या झोपडीची खूण मिळाली किंवा तीही नाही. वरकस जमिनीवर नाचणी-वरी घेतली जाई आणि राबासाठी टहाळे तोडले जात, पण मोजणीदाराला तिथे रान दिसले, म्हणून तो भाग हिरवा किंवा पांढरा राहिला. हा कागद सरकारच्या आणि फौजेच्या गरजेतून झालेला आहे. म्हणून तो म्हाताऱ्या माणसांसमोर पसरल्याशिवाय पुरा वाचून होत नाही. ओढ्याचे नाव बोटाखाली आले की ‘इथं आमची गुरं बसायची’, ‘हा डोह भाताच्या कापणीनंतर मासे धरायचा’ अशी माहिती निघते, आणि ती कुठल्याही शीटवर छापलेली नसते.

नकाशा आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी, हे दोन्ही पुरावे कायद्याला चालतात. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यांतला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. तीत गॅझेटियर, सरकारी नकाशे आणि उपग्रह चित्रे आहेत, तसेच गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. सामूहिक हक्कासाठी चराईच्या जागा, मासेमारीच्या जागा, माणसांचे आणि गुरांचे पाणवठे दाखवता येतात. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जंगलाचे वर्णन आहे, पण ते तालुक्याच्या पातळीवरचे. पाणवठा नेमका कुठल्या वळणावर होता हे सांगायला इंची नकाशाच लागतो. महसूल खात्याचा गाव नकाशाही इथे अपुरा पडतो. जमीन कोणाची ते तो सांगतो, जमिनीचा चढउतार सांगत नाही.

मुरबाड-शहापुरात काळू आणि शाई या नद्यांवर धरणे प्रस्तावित आहेत, आणि बुडिताच्या भीतीने इथले आदिवासी आणि शेतकरी बरीच वर्षे त्यांविरुद्ध लढत आहेत. भातसाची रेष आपण जलाशय भरल्यानंतर काढतो आहोत. काळू आणि शाईची आधी काढता येईल. प्रकल्प अहवालातली पूर्ण जलपातळी घ्यायची, ती फुटांत करायची, शीटवर त्या उंचीची रेष ओढायची, आणि तिच्या आत येणारी खाचरे, पाडे, वाटा आणि पाणवठे एकेक करून ग्रामसभेच्या ठरावात लिहायचे.