लाइपझिगचे पत्र : मुलाला विचारले का?

लाइपझिग, मे महिना

मे महिन्यातल्या शनिवारी इथल्या ट्राममध्ये चौदा वर्षांची मुले नव्या कपड्यांत अवघडून बसलेली दिसतात. मुलग्यांच्या अंगात आयुष्यातला पहिला कोट, मुलींच्या पायांत पहिल्यांदाच उंच टाचा, शेजारी फुलांचा गुच्छ सांभाळणारी आजी. आपल्याकडे उन्हाळ्यात मुंजींचे मुहूर्त असतात, तसा हा इथला हंगाम. यातली काही मुले ‘कॉन्फिर्मात्सिओन’साठी चर्चला निघालेली असतात. तान्हेपणी आईवडिलांनी बाप्तिस्मा दिला, त्याला आता मुलाने स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा, असा तो विधी. पण या शहरात दहातले आठ जण कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, त्यामुळे बरीच मुले जातात ती ‘युगेंडवाइहे’ला. त्यात देवाचे नाव नसते. सभागृह, संगीत, मोठ्या माणसांत पाऊल टाकल्याबद्दल एक भाषण, हातात एखादे फूल आणि घरी आल्यावर नातेवाइकांची पाकिटे.

गेल्या शनिवारी माझा मुलगा वर्गमित्राच्या युगेंडवाइहेला जाऊन आला. तो स्वतः नोव्हेंबरात चौदा पूर्ण करील. रात्री जेवताना म्हणाला, “आई, माझं काय करायचं?” रविवारी त्र्यंबकहून माझ्या आईचा फोन आला. तिचेही नेहमीचेच होते, “अगं, त्याची मुंज राहिलीय.” दोघांचे बोलणे एकाच गोष्टीबद्दल होते. मुलाची श्रद्धा कोणी ठरवायची? या देशाने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवले, तरी त्यावरचा वाद इथे मिटलेला नाही. हा सगळा वाद आपल्या माणसांपुढे मांडावासा वाटला, म्हणून हे पत्र.

तो कायदा १५ जुलै १९२१ चा. वायमार प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. आई कॅथलिक, बाप प्रोटेस्टंट अशा घरांत मूल कोणाच्या पंथात वाढवायचे, हा तेव्हाचा जिव्हाळ्याचा प्रश्न. कायद्याने त्याला वयाच्या पायऱ्या बांधल्या. आईवडिलांचे पटले नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर दहा वर्षांच्या मुलाचे म्हणणे ऐकावेच लागते. बारा पूर्ण झाल्यावर त्याच्या मनाविरुद्ध त्याचा पंथ बदलता येत नाही. चौदा पूर्ण झाले की आपला धर्म ते स्वतः ठरवते. इथे प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के इतका चर्चकर सरकार सभासदांकडून वसूल करून देते, म्हणून चर्च सोडायचे तर सरकारी दप्तरात तशी नोंद करावी लागते. ती नोंद चौदा वर्षांचे मूल एकटे जाऊन करू शकते, आईवडिलांची सही लागत नाही. घर नास्तिक असले तरी ते आपण होऊन बाप्तिस्माही घेऊ शकते.

हे ऐकून जर्मनीत धर्म शाळेबाहेर ठेवला असेल असे वाटेल, पण तसे नाही. राज्यघटनेच्या सातव्या कलमाने सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा नेहमीचा विषय ठरवला आहे, त्याला गुण असतात. आमच्या साक्सन राज्यात प्रोटेस्टंट धर्म, कॅथलिक धर्म किंवा ‘एथिक’ म्हणजे नीतिशास्त्र, यांतून एक घ्यावा लागतो. माझ्या मुलाने एथिक घेतले. गेल्या वर्षी त्यांना ‘माणसे प्रार्थना का करतात’ यावर लिहायचे होते. त्याने आजीच्या देवघराबद्दल लिहिले. ‘माझी आजी सकाळी देवाला उठवते, आंघोळ घालते, मग त्याच्याशी बोलते. तो उत्तर देतो का, हे मी तिला अजून विचारलेले नाही.’ बाईंनी खाली लाल शाईने लिहिले होते, ‘विचार.’ ती वही मी जपून ठेवली आहे.

सगळीकडे मात्र सारखे नाही. बायर्न राज्यात धर्माचा तास मुलाने स्वतःच्या मर्जीने सोडायचा तर अठरा पूर्ण व्हावे लागतात, तोवर निर्णय आईवडिलांचा. बर्लिनमध्ये उलट. तिथे २००६ पासून सातवी ते दहावीपर्यंत एथिक सर्वांना सक्तीचे आहे. धर्मशिक्षणालाही तेच स्थान द्यावे म्हणून २००९ मध्ये जनमत घेतले, ते फसले.

भांडणे याहून मोठीही झाली. बायर्नमध्ये प्रत्येक वर्गात क्रूस लावायचा नियम होता. मुलांना रोज त्याच्याखाली बसायला लावणे घटनेला धरून नाही, असा निकाल घटना न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून क्रूस ठेवला, फक्त आक्षेप घ्यायची सोय दिली. २०१२ च्या मे महिन्यात कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुस्लिम मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवले. ज्या देशाने ज्यूंचा संहार केला, त्याने आता ज्यूंच्या मुलांची सुंता गुन्हा ठरवायची का, असा आक्रोश झाला. डिसेंबरात संसदेने अटी घालून सुंतेला मुभा दिली.

२००७ मध्ये एक चित्रपुस्तक निघाले. त्यात डुकराचे पिल्लू आणि जाहक (हेजहॉग) देवाचा पत्ता शोधत रब्बी, बिशप आणि मुफ्ती यांच्या दारी जातात आणि देव नाही असे ठरवून घरी परततात. त्यातली ज्यूंची चित्रे द्वेष पसरवणारी आहेत, असे म्हणत ते मुलांच्या हाती पडू नये यासाठी खुद्द कुटुंब मंत्रालयाने अर्ज केला. २००८ मध्ये परीक्षण मंडळाने तो फेटाळला.

एका बाबतीत मात्र हा देश डगमगला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये बायर्नमधल्या ‘बारा वंश’ नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांतून पोलिसांनी चाळीस मुले बाहेर काढली. बायबलची आज्ञा म्हणून तिथे मुलांना छडीने मारत, हे छुप्या कॅमेऱ्याने दिसले होते. मुलांना मारहाण करायला जर्मनीत २००० पासून पूर्ण बंदी आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये जर्मनीची बाजू उचलून धरली. श्रद्धा आईवडिलांची असली तरी पाठ मुलाची आहे, एवढे त्या निकालातून मला कळले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग मुलांना धर्मापासून लांबच ठेवावे. इंग्लंडचे नास्तिक विचारवंत रिचर्ड डॉकिन्स असेच काहीसे म्हणतात. ख्रिस्ती मूल, मुस्लिम मूल असे काही नसते, ख्रिस्ती किंवा मुस्लिम आईबापांचे मूल असते, असे त्यांचे सांगणे. मला त्यातला पहिला भाग पटतो. पण आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांचे वडील पाद्री होते. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५४-५५ मध्ये चर्चच्या विधीला पर्याय म्हणून युगेंडवाइहे पुढे केली आणि नंतर समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ मुलांकडून वदवून घ्यायला सुरुवात केली. आजींनी चौदाव्या वर्षी ती घ्यायला नकार दिला. त्या वर्गात पहिल्या येत, तरी त्यांना पुढच्या शाळेत जागा मिळाली नाही. डॉक्टर व्हायचे होते, त्या परिचारिका झाल्या. मी एकदा विचारले, “राग येतो का?” त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलं असतं तर मी कदाचित हो सुद्धा म्हटलं असतं.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. देव लादणे आणि देव हिरावणे, दोन्हींत मुलाला विचारायचे राहून जाते.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी पुष्कळदा टोमास चर्चमध्ये जाऊन बसते. तिथे टोमानर नावाचा मुलांचा गायकवृंद आहे, १२१२ पासूनचा. १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, संगीतकार बाख त्यांचा गुरू होता. नऊ-दहा वर्षांची मुले घर सोडून त्यांच्या वसतिगृहात राहतात, रोज गातात. खलाशाच्या गळपट्टीचे गणवेश घालून ती ओळीने उभी राहिली की मला त्र्यंबकच्या वेदपाठशाळेतली मुले दिसतात. पहाटे कुशावर्तावर आंघोळ, ओल्या शेंड्या, गुरुजींच्या मागून संथा घेत हाताने स्वर दाखवणारी मुले. गुरुजींनी एकदा म्हणायचे, मुलांनी दोनदा. पद, क्रम, जटा, घन असे पाठ. पुस्तकाशिवाय हजारो वर्षे टिकलेली ही विद्या मला बाखइतकीच मोलाची वाटते. फरक एका ठिकाणी आहे. टोमानर मूल त्याच शहरातल्या शाळेत गणित, भाषा, विज्ञान शिकून अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या दाराशी उभे राहू शकते. गाणे सोडायचे म्हटले तर त्याच्यापुढे वाट असते. आपल्या प्रत्येक पाठशाळेतल्या प्रत्येक मुलाला ही वाट आहे का, हे पाहायला हवे.

माझ्या धाकट्या भावाची मुंज त्र्यंबकलाच झाली. तो आठ वर्षांचा, मी अकराची. मातृभोजनाला आईच्या ताटात जेवताना कोणीतरी म्हणाले, “पोट भरून जेव रे, आता आईच्या ताटात बसायचं नाही.” त्याच्या घशात घास अडकला. मुंडन झाल्यावर डोक्यावरून हात फिरवत त्याने गुरुजींना विचारले, “मी नको म्हटलं तर?” मांडवात हशा पिकला. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, “मुहूर्त टळेल,” आणि अंतरपाट धरला गेला. अण्णा प्रेमळ होते, पण तो प्रश्न ऐकण्याजोगा आहे असे तिथे कोणालाच वाटले नाही. मला तर भिक्षावळीतले लाडू वाटण्यापलीकडे कामच नव्हते. मुलीची मुंज नाही, तेव्हा तिला विचारायचे तरी काय! अण्णा गेल्यावर भावाने आपणहून संध्या सुरू केली. तो म्हणतो, “तेव्हा माझ्याकडून करून घेतली. आत्ता मी करतोय.”

त्र्यंबकला तर मुलांच्या श्रद्धेची ही गोष्ट सातशे वर्षांची आहे. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आला, पळापळीत निवृत्तिनाथ वाट चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोचले, असे परंपरा सांगते. पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात, तेव्हा ही कथा घरोघरी निघते. कोवळ्या वयाच्या त्या मुलाला तिथे कोणी हाताला धरून नेले नव्हते. पण त्याच कथेचा दुसरा भाग आपण हळू आवाजात सांगतो. बापाने संन्यास सोडून संसार केला, त्याचा बोल चारही मुलांनी सोसला. मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. ‘संन्याशाची पोरे’ हे शब्द त्या मुलांनी कमावलेले नव्हते. श्रद्धेने मुलांचे काय होऊ शकते, याच्या दोन्ही टोकांची साक्ष ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे.

आपली राज्यघटना या प्रश्नापाशी येऊन थांबली आहे. २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि सरकारमान्य शाळेत प्रार्थनेला बसवायचे तर अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते. प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाबतीत सांगितले. शिक्षक मोठा होता, त्याला न्यायालयात जाता आले. मुलाच्या वतीने आपला कायदा पालकाला विचारतो, मुलाला कधी विचारायचे ते सांगत नाही. १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे त्याच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य मानले आहे, आणि १९९२ मध्ये भारतही त्या करारात सामील झाला. त्याही आधी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात आपल्या बडोदे संस्थानात अज्ञान मुलांना संन्यासदीक्षा देण्याविरुद्ध कायदा केला होता. आपल्याच मातीतली ही वाट आपण पुढे नेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात आग्र्याची तेरा वर्षांची मुलगी आईवडिलांनी अखाड्याला दान केली. ओरड झाली तेव्हा अखाड्याने तिला घरी पाठवले आणि तिला स्वीकारणाऱ्या महंताला सात वर्षांसाठी काढून टाकले. अखाड्याने चूक वेळेत सुधारली, याचे मला समाधान वाटले. तेराव्या वर्षी ती मुलगी कोणाचे दान नव्हती.

आता त्र्यंबकला सिंहस्थ येतो आहे. दहा अखाडे कुशावर्तावर स्नानाला येतील, लाखो माणसे येतील, त्यांच्यात हजारो मुले असतील. माझ्या गावच्या पुरोहितांना, अखाड्यांच्या महंतांना आणि प्रशासनाला मी हात जोडून विनंती करते की, अठरा पूर्ण न झालेल्या कोणालाही त्र्यंबकात दीक्षा दिली जाणार नाही, असे स्नानाआधीच जाहीर करा. त्याने धर्माचे काही कमी होणार नाही.

आईला मी फोनवर सांगितले आहे. डिसेंबरात आम्ही येतो. तिचा नातू तिच्या देवघरासमोर बसेल, ती देवाला कशी उठवते ते पाहील आणि वहीतला तो प्रश्न तिला विचारील. शास्त्रानेही मुंजीला सोळाव्या वर्षापर्यंत मुदत दिली आहे, घाई नाही. तो हो म्हणाला तर मुंज त्र्यंबकलाच होईल. नको म्हणाला तर त्या दिवशीही पुरणपोळी होईल, हे आईने कबूल केले आहे.

तुमच्या घरात मुंज, दीक्षा, बाप्तिस्मा, सुंता, काहीही असो, आणि यातले काहीच नको असे असो, मुलाला एकदा समोर बसवून विचारा. त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.