दगडाखाली जाऊबाई

“तुम्ही जा गं सगळ्या. मी इथंच बसते, पिशव्या सांभाळते,” असं म्हणत आमच्या थोरल्या जाऊबाईंनी बेलमच्या गुहेबाहेर बसकण मारली.

लातूर-नांदेडच्या आम्ही तेरा जणी बचत गटाच्या ओळखीतून गाडी करून देवदर्शनाला निघालो होतो. मंत्रालयम झालं होतं, पुढे महानंदी आणि श्रीशैलम. वाटेत आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात ही गुहा लागते. ती पाहायचा हट्ट माझा! बी.ए.ला भूगोल होता, पण लवणस्तंभ पाहिले ते फक्त पुस्तकातल्या चित्रात.

जाऊबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा त्या गणपतीसाठी माहेरी आलेल्या. माळवदाचं घर, दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती... दुपारपर्यंत त्या ढिगाऱ्याखाली होत्या. आई आणि धाकटा भाऊ गेले. तेव्हापासून त्या दाराशीच झोपतात, कडी लावू देत नाहीत. हे सगळं ठाऊक असूनही मी त्यांना न विचारता बेत ठरवला. चूक माझीच.

मग मीही शेजारी बसले. बाकीच्या पुढे गेल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “हे पण खरोशासारखं कोरलेलं का?”

“नाही हो ताई. खरोशाची लेणी माणसांनी छिन्नीनं कोरली. हे पाण्याचं काम.”

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. आपल्याकडचा काळा दगड त्याला दाद देत नाही, चुनखडी मात्र हळूहळू विरघळते. पुढे तेच पाणी पोकळीत ठिबकतं तेव्हा विरघळलेला चुना कणाकणानं मागे ठेवतं. बोअरचं पाणी तापवलं की पातेल्याला पांढरा थर बसतो आणि आपण तो लिंबानं काढतो ना, तसंच! फक्त लाखो वर्षं चाललेलं.

“म्हणजे कुणी रचलेलं नाही?”

“नाही.”

“मग बघू.” आणि त्या उठल्या. पिशव्या गुडघेदुखीमुळे थांबलेल्या नांदेडच्या ताईंकडे गेल्या.

सपाट माळावर विहिरीसारखे तीन खड्डे आहेत, मधल्यातून पायऱ्यांनी उतरायचं. पहिल्या दालनात मागे वळलं की वर आभाळ दिसतं. जाऊबाई तिथं बराच वेळ थांबल्या. माझं मनगट असं धरलेलं की बांगडी रुतली. आम्ही कुणी घाई केली नाही.

ही गुहा ३,२२९ मीटर लांब, त्यातली साधारण दीड किलोमीटर आपल्याला पाहता येते. रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये तिची नोंद केली. जवळजवळ शंभर वर्षांनी डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकानं आत रांगत जाऊन ती मोजली. पर्यटकांसाठी ती २००२ मध्ये खुली झाली. आता दिवे आहेत, ताजी हवा आत सोडणारी यंत्रं आहेत. तरी घामाच्या धारा लागतात, काही ठिकाणी कमरेत वाकावं लागतं. मैत्रिणींनो, दमा किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

कोटिलिंगांच्या दालनात छतापासून लोंबणाऱ्या आणि जमिनीतून उगवलेल्या खांबांची दाटी आहे. आमच्यातल्या दोघी-तिघींनी लगेच हात जोडले. सप्तस्वर गुहेत गाईडनं काठीनं खांब वाजवले, वेगवेगळे सूर आले. खरं सांगू? मला ते बडवणं काही रुचलं नाही. नुसत्या हाताच्या तेलकटपणानंही अशा खांबांची वाढ खुंटते. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको!

सगळ्यात खोल जागा पाताळगंगा, जमिनीखाली ४६ मीटर. तिथं उतरायच्या अरुंद जिन्याशी जाऊबाई थांबल्या. “इथवर पुरे,” म्हणाल्या. मी खाली जाऊन आले. पाण्याची एक बारीक धार येते आणि खडकात नाहीशी होते, इतकंच.

“होतं का पाणी?” त्यांनी वर येताच विचारलं.

“होतं.”

“बघा! आपल्याला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, आणि इथं दगडाच्या पोटात फुकट वाहतंय.” पहिल्यांदाच हसल्या. बाहेर आल्यावर मुलीला फोन लावला, “अगं, दगडाखाली जाऊन आले.” तिकडून बराच वेळ काही आवाज आला नसावा, कारण त्या दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाल्या.

रात्री महानंदीच्या खोलीत त्यांनी अंथरूण दाराशीच घातलं. कडी आम्ही लावली नाही.